पाणी कुठं साचतं ते आधी बघा : मॉडेल गाडीवर खराखुरा गंज कसा चढवायचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजच्या मागं एक टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, तीन पावसाळे उभी होती. चाकं काढलेली, खाली विटा लावलेल्या. जुलैतल्या एका दुपारी मी छत्री धरून तिच्यासमोर अर्धा तास थांबलो. टपावरचं पाणी काचेवरच्या पन्हळीत जमत होतं आणि डाव्या खांबाच्या जोडावरून, बरोबर एकाच जागेवरून, खाली गळत होतं. त्या धारेच्या वाटेवर तांबूस ओघळ उतरला होता. दोन बोटं बाजूला पिवळा रंग जसाच्या तसा. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले होते. एक फोड नखानं दाबला तर पापुद्रा निघाला आणि आत काळपट तपकिरी भुगा. गॅरेजवाले अण्णा बघत होते. म्हणाले, "वरनं कुजत न्हाई पत्रा. आत पानी बसतंय, तिथनं कुजत येतोय."

त्याआधी मी तीन-चार मॉडेलांवर तपकिरी रंग दिसेल तिथं थापला होता आणि ती सगळी चिखलात लोळवल्यासारखी दिसत होती. अण्णांच्या त्या वाक्यानंतर माझं काम बदललं. हा लेख एखाददुसरं प्लास्टिकचं किट जोडून झालेल्या आणि आता त्या चकचकीत गाडीला रस्त्यावरची गाडी करू पाहणाऱ्या माणसासाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात जे सामान सहज मिळतं, त्यावरच शक्यतो भर दिला आहे. बाकीचं ऑनलाइन मागवावं लागतं.

१. आधी चार गाड्या नीट बघा

ही पायरी गाळू नका. ऑटोनगर, हायवेकडेची गॅरेजं, भंगाराची दुकानं, साखर कारखान्याबाहेरची ट्रॉल्यांची रांग, कुठंही चालेल. विचारून फोटो काढा, कुणी नाही म्हणत नाही. फोटो काढताना प्रत्येक डागाला एकच प्रश्न विचारा : इथं पाणी कसं आलं आणि का थांबलं?

गंजाला लोखंड, पाणी आणि हवा तिन्ही लागतात. म्हणून तो सपाट, उघड्या, लगेच वाळणाऱ्या पत्र्यावर सगळ्यात शेवटी येतो. आधी धरतो तो जोडात, वेल्डिंगच्या रेषेवर, मडगार्डच्या आतल्या कडेला, दाराच्या तळाशी, बॅटरीच्या पेटीखाली, फाळक्याच्या बिजागरीत. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळं तो वरच्या रंगाला खालून ढकलतो. आधी फोड, मग पापुद्रा, मग टवका, मग भोक, असा तो क्रम आहे. मॉडेलवर नुसती भोकं दाखवली आणि फोड दाखवलेच नाहीत, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

काय गंजत नाही हेही टिपून ठेवा. रबर, काच, फायबर, ॲल्युमिनियम आणि दुधाच्या टँकरचं स्टेनलेस स्टील यांच्यावर तांबूस गंज येत नाही. ट्रकचा हौदा लाकडी फळ्यांचा असेल तर फळी उन्हापावसानं राखाडी पडते; गंज येतो तो तिच्यातल्या बोल्टला आणि लोखंडी पट्टीला, आणि त्याचा डाग खालच्या लाकडावर उतरतो. नवखी माणसं हमखास इथं चुकतात. सगळा हौदा एका रंगात रंगवून टाकतात.

आपल्या भागाचा एक मोठा फायदा आहे. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३, कोल्हापूरची एमएच-०९ आणि गोव्याची जीए, सगळ्या नंबरपाट्यांच्या गाड्या एकाच चहाच्या टपरीसमोर उभ्या मिळतात. समुद्राकाठी वापरलेली गाडी खालून जास्त खाल्लेली असते, कारण खाऱ्या हवेतलं मीठ गंजाला जोर देतं. अथणीकडची ट्रॉली त्या मानानं कोरडी असते, तिचा रंग उन्हानं फिका पडलेला असतो. चार गाड्या शेजारीशेजारी बघितल्या की हे डोळ्यांना आपोआप दिसू लागतं.

२. गाडी कोणत्या महिन्यातली ते ठरवा

एका वहीत दोन ओळी लिहा : ही गाडी कुठली, काय वाहते, आत्ता कोणता महिना आहे. जुलैतला जांबोटीचा ट्रक खालच्या निम्म्यापर्यंत ओल्या लाल चिखलानं भरलेला असेल. खंडेनवमीला तोच ट्रक धुऊन पुसून, हार घालून उभा असेल. त्याचा गंज उघडा दिसेल, पण धूळ नसेल आणि बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं असतील. फेब्रुवारीतली उसाची ट्रॉली धुळीनं पांढुरकी असेल आणि तिचा तळ उसाच्या मोळ्या घासून चकाकत असेल. हे ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. ठरवलं नाही तर एकाच गाडीवर तिन्ही ऋतू येऊन बसतात.

पहिल्या कामाला ट्रॉली किंवा साधा ट्रक घ्या. मोटारीची गोल अंगं अवघड जातात. आणि महागाचं किट तर नकोच. खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा ट्रक आणा, बारीक पॉलिश पेपरनं घासून त्याची चकाकी घालवा आणि त्यावर हात बसवा.

३. सामान गोळा करा

स्टेशनरी आणि चित्रकलेच्या दुकानातून :
- कॅमलचे ऑइल कलर. बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, रॉ अंबर, यलो ओकर, काळा. सुरुवातीला पहिले तीनही पुरतात.
- सॉफ्ट पेस्टलचे खडू, तांबूस आणि तपकिरी छटांचे. ऑइल पेस्टल नकोत, त्यांची भुकटी होत नाही.
- ६बी पेन्सिल, शून्य नंबरचा गोल ब्रश, एक चपटा मऊ ब्रश, एक जुना राठ ब्रश.

हार्डवेअरमधून : मिनरल टर्पेंटाइन, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, मास्क.

घरातून : भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा, टूथपिक, कानात घालायच्या काड्या, स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा, जुन्या मलमलीचा तुकडा, साधा हेअरस्प्रे.

ऑनलाइन : प्रायमर, ॲक्रिलिक रंग, ग्लॉस आणि मॅट वार्निश. मी तामियाचे रंग वापरतो. त्यातला एक्सएफ-९ हल रेड, एक्सएफ-६४ रेड ब्राऊन, एक्सएफ-१ काळा आणि एक्स-६ नारिंगी एवढ्या चार बाटल्यांत गंजाच्या सगळ्या छटा बसतात. एअरब्रश असेल तर उत्तम. नसेल तर पाया स्प्रे कॅननं द्या आणि बाकी ब्रश-स्पंजानं करा. गंजाच्या कामात ब्रशनं अडत नाही.

आता सापळा. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हणू नका. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगला लागणारा एनसी थिनर प्लास्टिक विरघळवतो. एका दुकानात मला टर्पेंटाइन म्हणून बिनलेबलची बाटली मिळाली आणि मी तसाच वॉश (फटींत सोडायचा अगदी पातळ रंग) लावला. एका मिनिटात केबिनचं दार मेणासारखं मऊ झालं, बोटाचा ठसा त्यात उमटला, आणि दोन महिन्यांचं काम गेलं. बाटलीवर मिनरल टर्पेंटाइन लिहिलेलं वाचून घ्या आणि घरी आणल्यावर किटच्या फ्रेमच्या टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. तुकडा चिकट झाला तर ती बाटली या कामाची नाही. नखं साफ करायचं ॲसिटोन आणि पेट्रोल यांनाही मॉडेलजवळ आणू नका.

४. मापाचा हिशोब

१:३५ म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल. त्यावरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. १:२४ वर २.४ सेंटिमीटर आणि १:७२ वर ७.२. भांडी घासायच्या स्पंजाचा एक जाड ठिपका १:७२ च्या जीपवर तळहाताएवढा खड्डा दाखवतो. मॉडेल जितकं लहान तितका हात हलका, आणि अगदी लहान मापात टवके गाळून नुसत्या छटांवर काम भागवलेलं बरं.

५. पत्रा पातळ करा

कुजलेलं मडगार्ड दाखवायचं असेल तर रंगाच्या आधी हे काम करायचं. किटचं प्लास्टिक साधारण एक मिलिमीटर जाड असतं, म्हणजे १:२४ मध्ये चोवीस मिलिमीटरचा पत्रा झाला. तसा पत्रा रणगाड्याला असतो. भोक पाडलं की ती जाड कड लगेच चुगली करते. म्हणून आतल्या बाजूनं, जिथं भोक हवं तिथं, कटरच्या टोकानं आणि वॉटर पेपरनं प्लास्टिक घासत न्या. उजेडासमोर धरल्यावर पलीकडची बोटं दिसू लागली की पुरे. मग सुईनं टोचून भोकाच्या कडा वेड्यावाकड्या तोडा.

मोठा भाग कुजवायचा असेल तर मडगार्डच फॉइलचं करा. किटचं मडगार्ड साचा म्हणून खाली धरा, फॉइलची दुहेरी घडी त्यावर काडीनं दाबून बसवा, कापा आणि सुपरग्लूनं चिकटवा. फॉइल खऱ्या पत्र्यासारखी दुमडते, चिंबते, फाटते.

फोड आणण्यासाठी सुपरग्लूचे सुईच्या टोकाएवढे थेंब दाराच्या तळाशी ओळीनं, पण सारख्या अंतरावर न ठेवता, सोडा. खरबरीत गंजासाठी रंगात चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळून राठ ब्रशनं टोचत लावा. सायलेन्सरला हे फार छान दिसतं. दोन सायलेन्सरांना पुरेल एवढंच मिश्रण करा, कारण सोडा घातलेला रंग लवकर आळतो.

६. गंजाचा पाया

प्रायमर मारा, एक दिवस वाळू द्या. मग जिथं जिथं टवके निघणार आहेत फक्त तिथं गंजाचे रंग द्या. आधी हल रेडमध्ये थोडा काळा मिसळून गडद थर. त्यावर रेड ब्राऊन, स्पंजानं, तुटक. शेवटी रेड ब्राऊनमध्ये नारिंगीचा एक थेंब घालून अगदी मोजके ठिपके. जुना गंज काळपट तपकिरी असतो आणि ताजा नारिंगी. ताजा नेहमी थोडाच असतो, कारण तो आत्ताच्या ओलीवर आलेला असतो. नवख्याच्या कामात हे प्रमाण नेमकं उलटं होतं आणि गाडी गाजरासारखी दिसते.

यावर ग्लॉस वार्निशचा एक थर द्या आणि पूर्ण चोवीस तास थांबा. पुढच्या पायरीला पाणी लागणार आहे, त्यात पाया निघता कामा नये.

७. हेअरस्प्रेनं टवके काढणं

या सगळ्यातली ही पायरी मला सर्वांत आवडते, आणि सर्वांत जास्त मॉडेलं बिघडतात तीही हीच.

युक्ती अशी : गंजाच्या पायावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर गाडीचा मूळ रंग द्यायचा, मग रंगावर पाणी लावायचं. पाणी रंगातून झिरपून हेअरस्प्रेला विरघळवतं, वरचा रंग सुटतो आणि खालचा गंज उघडा पडतो. खऱ्या गाडीवर जे घडतं तेच इथं घडतं, म्हणून ब्रशनं काढलेल्या टवक्याला ही सर कधी येत नाही.

हेअरस्प्रे एक वीतभर अंतरावरून, दोन पातळ थर. थेंब जमू देऊ नका. वीस मिनिटं वाळवा. मग वरचा रंग. तो ॲक्रिलिकच हवा, पातळ हवा आणि पाण्यानं पातळ केलेला हवा. लॅकर थिनर घातला तर तो हेअरस्प्रेच्या थरात शिरून खाली चिकटतो आणि मग कितीही घासा, सुटत नाही. रंग हाताला कोरडा लागला की तासाभराच्या आत काम सुरू करा. "आज रंग, उद्या टवके" असं केलं तर रंग घट्ट होतो.

आता एका हातभर भागावर काम करण्याचा मोह टाळा आणि एक दार, एक फाळका असं घ्या. मऊ ब्रशनं कोमट पाणी लावा आणि मिनिटभर काहीही करू नका. रंगाचा पोत किंचित मंद झाला की राठ ब्रशचे केस कापून आखूड करून त्यानं टोचा. घासायचं नाही, टोचायचं. कडेला टूथपिक फिरवा. पहिला कण निघतो तेव्हा हात आपोआप जोर धरतो, तिथंच थांबा. टवका मोठा करणं कधीही जमतं, निघालेला रंग परत लावता येत नाही. टवके हाता-पायांच्या वाटेवर काढा : पायरी, दाराचा खटका, फाळक्याची साखळी जिथं आपटते ती जागा, डिझेलच्या टाकीचं झाकण. टपाच्या मधोमध टवका कशानं उडेल, याचं उत्तर देता येत नसेल तर तिथं तो नको.

झालं की सगळं साध्या पाण्यानं हलकेच टिपून घ्या, नाहीतर उरलेला हेअरस्प्रे चिकट राहतो. वाळल्यावर ग्लॉस वार्निश.

हेअरस्प्रे जमेना तर खडा मीठ आहेच. ओल्या जागेवर मिठाचे खडे ठेवा, वाळू द्या, वरून रंग फवारा, मग मीठ खरवडा आणि जागा दोनदा धुवा. कडा थोड्या ठोकळ येतात, पण मोठ्या पोपड्यांना चालतं.

८. स्पंजाचे बारीक टवके

सगळे टवके लोखंडापर्यंत जात नाहीत. आपल्याकडं हौदा बांधणारे रंगाच्या आधी रेड ऑक्साइड मारतात, त्यामुळं उथळ ओरखड्यातून आधी तो विटकरी लाल थर दिसतो. तो गंज नव्हे. तो सपाट, एकसारखा असतो आणि त्याखाली ओघळ नसतो. मॉडेलवर आधी मूळ रंगाच्याच फिक्या छटेत स्पंज बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडांना टेकवा. काही टवक्यांच्या आत बारीक ब्रशनं हल रेड. त्यातल्याही थोड्यांच्या आत काळपट तपकिरी. तीन थर दिसले की टवक्याला खोली येते.

९. वॉश

ग्लॉस थरावरच. बर्न्ट अंबर आणि काळा ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या कोऱ्या पाण्याइतका पातळ करा, ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवा. तो आपोआप रेषेतून धावतो. वीस मिनिटांनी कानाच्या काडीनं बाहेरचं पुसा. जिथं प्लास्टिक ताणावर चिकटवलंय, म्हणजे चाकांचे आस, पाटे, तिथं टर्पेंटाइनचं तळं साचू देऊ नका. बिनरंगाच्या सांध्यात ते शिरलं की प्लास्टिक तडकतं.

१०. ओघळ

आधी ऑइल कलर पुठ्ठ्यावर पिळून दोन-तीन तास ठेवा. पुठ्ठा तेल शोषतो, रंग मॅट होतो आणि लवकर वाळतो.

मग ती जुलैतली ४०७ आठवा. ओघळ नेहमी कुठून तरी सुटतो : बोल्ट, जोड, टवक्याची खालची कड. शून्य नंबरच्या ब्रशनं तिथं बर्न्ट सिएनाचा टाचणीएवढा ठिपका ठेवा. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर इतका पुसा की तो फक्त दमट राहील. आता ठिपक्यावरून सरळ खाली ओढा. एकदा. ब्रश पुसा. परत ओढा. वर गडद, खाली विरत गेलेला, आणि केसाएवढा बारीक हवा. जाड झाला तर दोन्ही बाजूंनी स्वच्छ दमट ब्रश फिरवून त्याला चिमटीत धरल्यासारखा बारीक करता येतो. ऑइल कलरचं हेच मोठेपण आहे. दोन तासांपर्यंत चूक पुसता येते.

सगळे ओघळ एका लांबीचे आणि एका रंगाचे करू नका. एखाद्यात रॉ अंबर, एखाद्यात ओकरचा स्पर्श. फाळका वापरात उघडा लोंबतो, तेव्हा पडलेले ओघळ फाळका लावल्यावर उलटे दिसतात. एखादा तसा ठेवला तर जाणकार माणूस मॉडेल हातात घेऊन थांबतो.

दोन-तीन दिवस वाळू द्या. पावसाळ्यात पाच.

११. लाल माती आणि गंज यांची गल्लत

हा आपल्या भागाचा खास प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून चोर्ला घाटानं आलेली गाडी काचेपर्यंत लाल असते. तिकडच्या जांभ्याच्या मातीला तो रंग लोहाच्या ऑक्साइडमुळंच आलेला असतो. म्हणजे माती आणि गंज यांचा रंग मुळातच सख्ख्या भावंडांचा. मॉडेलवर दोन्ही एकाच भुकटीनं केले तर बघणाऱ्याला गाडी कुजलीय की नुसती घाटातून आलीय, हेच कळत नाही. फरक रंगात कमी आणि जागेत जास्त दाखवावा लागतो.

गंज आतून येतो, जोडातून सुटतो, मध्ये गडद असतो आणि खाली ओघळतो. माती बाहेरून येते. ती चाकाच्या मागं पंख्यासारखी उडालेली असते, खाली दाट आणि वर विरळ असते, सपाट जागी बसते, आणि वायपर फिरतो तिथं, हात लागतो तिथं पुसलेली असते. ओघळ तिलाही येतात, पण ते धुतल्याचे असतात : म्हणजे मातीच्या थरात स्वच्छ रेघ. गंजाचा ओघळ स्वच्छ पत्र्यावर गडद रेघ काढतो. या दोन वाक्यांचा कागद मी कामाच्या टेबलासमोर चिकटवलाय.

छटाही थोडी वेगळी ठेवा. मातीत ओकर आणि किंचित पांढरा मिसळून ती फिकी, गुलाबीकडं झुकणारी करा. गंज तपकिरीकडं ठेवा. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडची गाडी करत असाल तर काम सोपं आहे. काळ्या मातीची वाळलेली धूळ राखाडी असते, तिच्यावर गंज उठून दिसतो.

भुकटी घरी करा. खरी माती आणलीत तर तव्यावर कोरडी भाजा, म्हणजे बुरशी धरत नाही, मग मलमलीतून दोनदा गाळा. अर्ध्या मिलिमीटरचा खडा १:३५ वर पावणेदोन सेंटिमीटरचा दगड होतो, म्हणून गाळण्याचा कंटाळा करू नका. गंजाच्या भुकटीसाठी भंगारातलं पोपडे निघालेलं लोखंड खरवडा आणि वेगळ्या ठेवलेल्या खलबत्त्यात कुटा, स्वयंपाकाच्या नव्हे. कुटताना मास्क लावा. हे नको असेल तर पेस्टल खडू वॉटर पेपरवर घासा, तेवढंही पुरतं.

भुकटी मॅट पृष्ठभागावरच बसते, म्हणून पुढच्या पायरीतला मॅट थर आधी द्या. कोरड्या ब्रशनं ठेवा, जास्तीची फुंकून टाका, मग टर्पेंटाइनचा थेंब शेजारी टेकवा. तो स्वतः पसरत भुकटीखाली जातो. थेंब वरून टाकलात तर खळगा पडतो. ओली असताना ती फार गडद दिसते. घाबरून पुसू नका, वाळल्यावर मूळ रंगावर येते.

१२. मॅट वार्निश आणि आपला पाऊस

मॅट थर भुकटीच्या आधी द्यायचा. भुकटीवर वार्निश फवारलं तर निम्मी भुकटी गायब होते आणि उरलेली काळवंडते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत इतका दमटपणा असतो की स्प्रे वार्निश वाळताना पांढरं धुरकट पडतं. माझ्या एका हिरव्या ट्रकवर रात्रीतून बुरशी आल्यासारखं झालं होतं. उघडीप मिळाली की भर दुपारी फवारा. कॅन आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मॉडेल मोठ्या डब्याखाली झाकून वाळवा. पांढरं पडलंच तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा एक ओलसर थर द्या. बहुतेक वेळा धुकं निघून जातं, मग पुन्हा मॅट. आणि गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ स्प्रे कधीच नाही.

१३. घासून चकाकलेलं लोखंड

हे सगळ्यात शेवटी, कारण त्यावर काहीही लावायचं नाही. वापरातलं लोखंड जिथं रोज घासतं तिथं गंज टिकत नाही. ट्रॉलीचा हुक, फाळक्याच्या कड्या, ट्रॉलीच्या तळाचा मधला भाग, पायरीची कड. तळाच्या कोपऱ्यांत गंज तसाच ठेवा, तिथं उसाच्या पाल्याखाली ओल राहते.

६बी पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून शिसाची भुकटी काढा. बोटाला घ्या आणि त्या जागांवर हलकेच चोळा, ज्या दिशेनं मोळ्या ओढल्या जातात त्याच दिशेनं. हुकाच्या आतल्या वळणावर पेन्सिलचं टोकच दोनदा फिरवा. खिडकीजवळ नेऊन मॉडेल तिरकं करा. कोपऱ्यांतला गंज मंद राहून मधला पट्टा चमकला, की मॉडेल खाली ठेवा आणि हात धुवा.